डीपीखाली अर्धा तास

14 डिसेंबर 2023. रात्री एकच्या पुढे फोन. "भाऊ, एक फेज गेलाय. मोटर नुसती घुमते." यावल तालुक्यातल्या आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजलाइनला, त्या आठवड्यात मोटरी चालवणारी थ्री फेज वीज रात्रीची होती. गव्हाला पाणी भरणारे सगळे बांधावर. मग वायरमनला कुठली झोप!

डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, एबी स्विच (लाइन तोडायचा खटका) पाडला, अर्थिंग लावलं. किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसते ते खोबण, जळून काळं पडलेलं. तार बांधायला दहा मिनिटंही लागली नाहीत, पण लगेच लाइट टाकून उपयोग नव्हता. प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू. सगळ्या मोटरी एकदम उठल्या की फ्यूज पुन्हा उडणार. दोन पोरांना विहिरीविहिरीवर ऑटो बंद करायला पिटाळलं आणि बॅटरी विझवून तिथल्याच एका शेतकऱ्याशेजारी, आप्पांशेजारी बसलो. विहिरींवरचे बल्ब गेलेले, पऱ्हाट्यांची शेकोटी राख धरत होती.

"तारा तुटना," आप्पा म्हणाले. लगेच, "आखो एक!"

तुटते तारे बेचाळीसपर्यंत मोजले, मग नाद सोडला. एक तर सातपुड्यावर पिवळट रेघ ओढत सावकाश गेला. आप्पांनी काठी डोक्यावर रोखली. "हे सगळे तिथूनच का सुटतात?"

काठीच्या टोकाला पुनर्वसूचे दोन तारे होते, मिथुन राशीतले. मी बॅटरी लाइनवर मारली. आपल्या डोक्यावर तिन्ही तारा लांब लांब, आणि पार तिकडच्या पोलाकडे बघा, एकत्र आल्यासारख्या. खरं अंतर तेवढंच. तुटता तारा म्हणून दिसणारे हे कणही असेच समांतर येतात, म्हणून एका ठिकाणाहून फुटल्यासारखे दिसतात. ताऱ्यांचा त्यात काही संबंध नाही.

फेथॉन नावाचा लघुग्रह 1983 साली सापडला. त्याने वाटेत सांडलेला हा चुरा. बाकीचे बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंचे, हा मात्र दगडाचा. दरवर्षी डिसेंबरात पृथ्वी त्या चुऱ्यातून जाते. कण हवेत शिरतात तो वेग सेकंदाला 35 किलोमीटर, म्हणजे जळगावहून निघून एका सेकंदात भुसावळ मागे पडलं.

"म्हणजे कचराच," आप्पा म्हणाले. पण मान खाली आली नाही.

पोरं परतली. स्विच चढवला, मोटरी एकेक करून लागल्या, फ्यूज टिकला. मी निघालो.

सकाळी कळलं, आप्पांचं अर्ध्या रात्रीचं पाणी शेजारच्या हरभऱ्यात गेलं होतं.