शेजारी आणि कारभारी

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला असणारे वॉचमन नेपाळमधील पाल्पा जिल्ह्याचे आहेत. बहुतेक रहिवासी त्यांना ‘बहादूर’ म्हणतात. ते त्यांचे नाव नाही, हे मलाही फार उशिरा कळले. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुण आंदोलकांवर गोळीबार झाला, पंतप्रधान ओलींना पायउतार व्हावे लागले आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्याकडे हंगामी सरकारची सूत्रे गेली, तेव्हा मी वॉचमनकडे सहज विचारपूस केली. ते मात्र २०१५ विषयी बोलू लागले. त्या थंडीत तुम्ही आमचा गॅस बंद केला होता आणि आई लाकडे आणून चूल पेटवीत होती, असे ते म्हणाले. त्या ‘तुम्ही’मध्ये मीही होतो.

नेपाळने २० सप्टेंबर २०१५ रोजी नवी राज्यघटना लागू केली. तीत भारताच्या सीमेलगतच्या तराईतील मधेशींवर अन्याय झाल्याचा आक्षेप निराधार नव्हता. परंतु त्यानंतर सीमेवरून इंधन जाणे जवळजवळ थांबले. ही नाकाबंदी आपण केलेली नाही, असे दिल्ली सांगत राहिली आणि नेपाळात त्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. मार्च २०१६ मध्ये ओली बीजिंगला जाऊन चिनी बंदरे वापरण्याचा वाहतूक करार करून आले. ज्या प्रभावाच्या काळजीपोटी आपण शेजाऱ्याचा हात पिरगाळतो, त्याच प्रभावाला आपण अशी वाट करून देतो. हीच दिल्ली नोव्हेंबर २००५ मध्ये निराळे वागली होती. राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतलेली असताना नेपाळी पक्ष आणि माओवादी यांच्यातील राजेशाहीविरोधी बारा कलमी समझोता दिल्लीतच झाला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये जनआंदोलनापुढे राजाला संसद पुनर्स्थापित करावी लागली.

बांगलादेशात आपली चूक अधिक खोल आहे, असे मला वाटते. ईशान्येतील बंडखोरांना थारा न देणाऱ्या शेख हसीना भारताला सोयीच्या होत्या, हे मान्यच आहे. पण प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकलेल्या जानेवारी २०२४ च्या निवडणुकीचेही आपण निःसंकोच स्वागत केले आणि ५ ऑगस्टला त्या भारतात आश्रयाला आल्या, तेव्हा ढाक्यातील रोषाचा वाटा आपल्यालाही मिळाला. घराशी संबंध ठेवण्याऐवजी एकाच कारभाऱ्याशी ठेवले, की कारभारी बदलताच दार बंद होते.

चीन कोणाशीही व्यवहार करतो, मग आपणच लोकशाहीचे सोवळे का पाळावे, हा प्रश्न आमच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हमखास येतो. (तेथे परराष्ट्र धोरण आणि क्रिकेट संघाची निवड एकाच आत्मविश्वासाने होते.) माझे उत्तर व्यवहाराचेच आहे: पैशाच्या थैलीत आपण चीनशी बरोबरी करू शकत नाही. २०२२ मध्ये श्रीलंका दिवाळखोर झाली तेव्हा आपण सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत इंधन, औषधे आणि कर्जाच्या रूपाने दिली आणि ती सत्तेवर कोण येते याला बांधून ठेवली नाही. दोन वर्षांनी तेथे निवडून आलेले अनुरा कुमारा दिसानायके यांचा पक्ष एकेकाळी कडवा भारतविरोधी होता. तरीही अध्यक्ष म्हणून त्यांचा पहिला परदेश दौरा दिल्लीचाच झाला. भूतानने २००८ मधील पहिल्या निवडणुकीत भारताची मतदान यंत्रे वापरली, याची तर येथे फारशी बातमीही झाली नाही.

म्यानमारविषयी मला इतक्या ठामपणे बोलता येत नाही. इंग्रजांनी रत्नागिरीत ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या राजवाड्यामुळे तो देश रत्नागिरीकरांना परका नाही. पण सोळाशे किलोमीटरहून अधिक सीमा आणि तिच्यापलीकडचे बंडखोर पाहता २०२१ च्या बंडानंतर तेथील लष्कराशी बोलणेच बंद करावे, असे मी म्हणणार नाही. त्या लष्कराने घेतलेल्या निवडणुकीला लोकशाही म्हणू नये, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

नेपाळच्या निवडणुकीसाठी ५ मार्च २०२६ ही तारीख जाहीर झाल्यावर वॉचमननी कमिटीकडे रजेचा अर्ज दिला. परदेशातून मत देण्याची सोय नसल्यामुळे त्यांना गोरखपूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे सुनौलीहून बसने गावी जाणे भाग होते. अर्जाखाली त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले होते, आणि सेक्रेटरींनी ते दोनदा वाचून हा कोण, असे विचारले.