अँटीबॉडी, बीएसए आणि माझे वाया गेलेले दोन महिने

एमएस्सीच्या शेवटच्या सेमला प्रोजेक्ट निवडायचा होता तेव्हा मी उत्साहात मॅडमना सांगून मोकळी झाले की दुधातला ई. कोलाय ओ१५७ (एक घातक बॅक्टेरिया) पकडणारा सेन्सर करते. कारण घरचंच. आम्ही कोल्हापूरचे, बाबा अजून कट्ट्यावर (जिथे म्हशी समोरच पिळून दूध देतात) जाऊन धारोष्ण दूध पितात, उकळलेल्या दुधात काय राहतंय म्हणतात, आणि हा ओ१५७ राहतो गुरांच्याच आतड्यात. १९८२ मध्ये अमेरिकेत हॅम्बर्गर खाऊन लोकांना रक्ताचे जुलाब लागले तेव्हा तो पहिल्यांदा ओळखू आला. नेहमीच्या पद्धतीने शोधायचा तर आधी ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) वाढवा, मग सॉर्बिटॉल मॅककाँकी प्लेटवर पसरा (बाकीचे ई. कोलाय गुलाबी, हा सॉर्बिटॉल खात नाही म्हणून बिनरंगी), मग खात्री करा, यात दोन-तीन दिवस आरामात जातात. तोवर दूध पिऊन झालेलं असतं.

आयडिया ऐकायला सोपी. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर अँटीबॉडी (ठराविक जंतू ओळखून धरणारं प्रोटीन) बसवायची, तिने बॅक्टेरिया धरला की इलेक्ट्रोडवर अडथळा होतो, फेरी-फेरोसायनाइडच्या पिवळ्या द्रावणातून इलेक्ट्रॉनची ये-जा अवघड होते आणि स्क्रीनवरच्या आलेखातला अर्धगोल मोठा होतो. बॅक्टेरिया जास्त, अर्धगोल मोठा, बस्स.

रोज सकाळी अल्युमिना पावडरवर इलेक्ट्रोड घासायचा, तोही गोल गोल नाही, इंग्रजी आठ काढत. सीनियर दादा म्हणाला आपला मराठी चार काढ की, खाली तसाच वळतो. मग रात्रभर थायॉलमध्ये (सोन्याला चिकटणारं रसायन), दुसऱ्या दिवशी ईडीसी-एनएचएस (अँटीबॉडी जोडून देणारी रसायनं), त्यावर अँटीबॉडी, शेवटी उरलेल्या जागा बीएसएने (गाईच्या रक्तातलं एक प्रोटीन) भरायच्या, म्हणजे तिथे दुसरं काही चिकटत नाही. ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढली की लगेच उघडायची नाही, रूम टेंपरेचरला येऊ द्यायची, नाहीतर पावसाळी हवा आत शिरून सगळी वाया. हे मी एक बाटली घालवून शिकले.

खरी गंमत पुढे. अँटीबॉडीच्या स्टेपनंतर अर्धगोल छान मोठा व्हायचा, म्हणजे बसली असं मी धरून चालले, पण बॅक्टेरिया टाकले की काहीच हलायचं नाही, ओ१५७ टाका नाहीतर लॅबमधला साधा ई. कोलाय टाका, दोन्ही रेषा एकमेकींवर. दोन महिने मी पीएच बदलला, वेळ बदलली, नवीन बफर केले, एकदा चक्क इलेक्ट्रोडच बदलला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "अगं, व्हायलमध्ये अँटीबॉडीसोबत काय आहे ते बघितलंस का?" डेटाशीट काढली तर बारीक अक्षरात १ टक्का बीएसए, टिकावी म्हणून घातलेला. अँटीबॉडी एका मिलीत १ मिलिग्रॅम आणि बीएसए १० मिलिग्रॅम, त्यात बीएसएचा रेणू निम्म्याहून लहान, म्हणजे एका अँटीबॉडीमागे वीसच्या वर बीएसए. ईडीसीला काय, अमिन (नायट्रोजनचा गट, तो दोन्ही प्रोटीनवर असतो) दिसलं की जोडलं. मी दोन महिने इलेक्ट्रोडवर इमानेइतबारे बीएसए चिकटवत होते आणि नंतर वरून परत बीएसएनेच ब्लॉक करत होते!

मग प्रोटीन ए कॉलमवर अँटीबॉडी वेगळी करायला घेतली. सशाची अँटीबॉडी त्याला मस्त चिकटते, बीएसए वाहून जातो. पण सोडवायला लागतं ग्लायसिन, त्यात अमिन, आणि लगेच न्यूट्रल करायला ट्रिस, त्यातही अमिन. मग ते लहान रेणू काढून टाकायला रात्रभर थंडीत पीबीएसमध्ये (मिठाचं बफर) डायलिसिस, एकदा नाही, तीनदा पीबीएस बदलून. त्यानंतर जो पहिला अर्धगोल फुगला ना, मी खुर्चीवरून उठलेच. साधा ई. कोलाय टाकला तर जेमतेम हलला.

दुधाने पुन्हा नाक घासायला लावलं. एकही बॅक्टेरिया न घालता नुसतं दूध टाकलं तरी अर्धगोल दुप्पट, कारण फॅट आणि केसिन जाऊन बसतात. थंड सेंट्रिफ्यूज करून वरची साय काढली, पीबीएसमध्ये दहापट पातळ केलं, ट्वीनने (साबणासारखं रसायन) धुतलं, आणि बेसलाइन पीबीएसमध्ये न घेता बॅक्टेरिया नसलेल्या दुधातच घेतली, तेव्हा कुठे जमलं. पीबीएसमध्ये मिलीला १०,००० पेशी स्पष्ट दिसायच्या, दुधात मात्र १,००,००० लागायच्या. आणि माणसाला आजारी पाडायला शंभराहून कमीसुद्धा पुरतात, म्हणजे आधी काही तास वाढवणं काही सुटलं नाही. थिसिसमध्ये मी हे तसंच लिहिलं.

व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी नेमकं तिथेच धरलं, पाश्चराइज्ड दुधातले मेलेले बॅक्टेरिया पण तुझा सेन्सर दाखवेल ना? दाखवेल म्हटलं, अँटीबॉडी वरचं कवच ओळखते, आत जीव आहे का नाही ते तिला कळत नाही. तसंही मायक्रोबायोलॉजीवाले आम्हाला मोजून, उष्णतेने मारूनच पेशी द्यायचे, जिवंत ओ१५७ मी बघितलेलाच नाही.

घरी बाबांनी एवढंच विचारलं, आपल्या कट्ट्यावरच्या दुधात निघाला का. म्हटलं तिथलं तपासलंच नाही, दूध कॉलेजजवळच्या गोठ्यातलं होतं. मग निवांत झाले, चप्पल घातली आणि निघाले कट्ट्यावर.