गोळीचा मेसेज आणि स्टेंटचं कार्ड

इंग्लंडात, लीड्समध्ये ज्या जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, यादीत माझं नाव आहे, तिथून अधूनमधून मोबाइलवर मेसेज येतो: तुमचं ब्लड प्रेशर तपासायचं राहिलंय, येऊन जा. डॉक्टर स्वतःहून पेशंटच्या मागे लागलाय, हे आपल्याकडे मी तरी कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, काय ही आपुलकी! हिशेब नंतर कळला. इथले बहुतेक जीपी सरकारी नोकर नाहीत, त्यांचा सरकारशी करार असतो. यादीत माणसं जास्त तर पैसे जास्त. शिवाय २००४ पासून त्यांना गुण मिळतात: किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, किती मधुमेहींच्या तपासण्या झाल्या. गुणांवर पैसे ठरतात, म्हणून मेसेज येतो. चाळिशीनंतर केमिस्टच्या दुकानातही बीपी फुकट मोजून मिळतं. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या दर औषधाला ९.९० पौंड पडतात, पण साठी गाठली की तेही माफ.

आता आमचे अमळनेरचे नाना. बीपी निघालं, थोडे दिवस गोळ्या घेतल्या आणि मग, “आते बरं वाटस, गोया कसाले?” गोळ्या बंद. कोणी विचारलं नाही, कारण विचारणं हे कोणाचंच काम नव्हतं. पुढे छातीत दुखायला लागलं, जळगावला नेलं, हृदयाची तुंबलेली नळी उघडी ठेवायला जाळी, म्हणजे स्टेंट, टाकला. बिल शून्य! महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ही राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं. आता कवच वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं आहे. शेत गहाण पडायचं वाचलं अशी घरं तुमच्याही गल्लीत असतील, त्यामुळे योजनेला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण ती पैसे देते ते दवाखान्यात भरती झाल्यावर, ठरवून दिलेल्या उपचारांचे. रोजच्या गोळीचे नाही. स्टेंट फुकट आणि तो टाळू शकणारी गोळी खिशातून, असा उलटा कारभार झाला. सरकारी दवाखान्यात गोळी मिळते, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. पण ओपीडीच्या वेळेला नाना कापसात असतात.

सरकार ज्याचे पैसे मोजतं, दवाखाना तेच करतो. इकडे राहून माझं हे मत पक्कं झालंय.

इथलं सगळंच गोड आहे असं मात्र समजू नका. जीपीने मोठ्या डॉक्टरकडे पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे, आणि तो कित्येक वर्षं पाळला गेलेला नाही. २०२३ मध्ये रांग ७० लाखांच्या वर गेली होती. गुडघा बदलायला महिनोन् महिने थांबलेले म्हातारे माझ्या शेजारी आहेत. जळगावात सकाळी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, पैसे असतील तर संध्याकाळी एमआरआय हातात. इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला चार तासांत भरती करायचं नाहीतर घरी सोडायचं असं इथे ठरलं, तेव्हा चार तास भरायच्या ऐन शेवटच्या मिनिटांत भरतीची गर्दी उसळायला लागली. घड्याळ जिंकलं! आणि फुकट म्हणावं तर माझ्यासारख्या व्हिसावाल्याला टॅक्स भरूनही माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो.

मोजण्याचा सगळ्यात वाईट फटका मला नंदुरबारात दिसतो. सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० मागे. सवलत दिली, पण मोजली डोकीच. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अडचण अंतराची आहे. एक पाडा या टेकडीवर, दुसरा दरीपलीकडे, आणि बाळंतिणीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायचं. नर्मदाकाठच्या गावांसाठी बोटीतला दवाखाना आहे, तो मला सगळ्यात शहाणा वाटतो, कारण तिथे निदान पाण्याचा विचार झाला.

योग्य कामाचे पैसे मोजणं आपल्याकडे जमत नाही असंही नाही. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यातल्या बाळंतपणामागे आईला आणि आशाताईला पैसे मिळायला लागले, आणि घरची बाळंतपणं झपाट्याने कमी झाली. तसेच चार पैसे आशाताईला नानांच्या गोळीमागे मिळाले, वर्षभर बीपी ताब्यात राहिल्याबद्दल, तर नानांची काय बिशाद होती गोळी सोडायची!

यंदा नाना इकडे यायचं म्हणतायत. ज्यांचे आईवडील येणार असतील त्यांनी हे लक्षात ठेवा: व्हिजिटर व्हिसावर जीपीला दाखवणं आणि इमर्जन्सीतली तपासणी फुकट, पण भरती व्हावं लागलं तर एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट बिल येतं. इन्शुरन्स तिकडूनच काढा, जुना आजार त्यात धरलाय का ते वाचून घ्या, आणि मुक्कामभर पुरतील एवढ्या गोळ्या चिठ्ठीसकट बॅगेत टाका. नानांच्या गोळ्या मीच मोजून घेणार आहे.