माझा अनुभव: खरेदी किंमत सापडेना, तेव्हा तारीख शोधली

बाबा गेल्यावर त्यांच्या डीमॅट खात्यातले शेअर आईच्या खात्यात आले. मृत्युपत्र आणि नामनिर्देशन दोन्ही तिच्याच नावाने असल्यामुळे ते काम विनासायास झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये घराच्या दुरुस्तीसाठी आईने त्यातले काही विकले. खरा प्रश्न पुढच्या वर्षी तिचं रिटर्न भरताना उभा राहिला. ब्रोकरच्या कर-अहवालात खरेदी किंमत शून्य होती आणि खरेदीची तारीख म्हणून शेअर आईच्या खात्यात जमा झाल्याचा दिवस होता. म्हणजे विक्रीची अख्खी रक्कम नफा, तोही अल्प मुदतीचा आणि २० टक्के कराचा. प्राप्तिकराच्या पोर्टलवर एआयएस (खात्याकडे पोचलेल्या आपल्या वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण) उघडलं, तर तिथेही हेच.

यात ब्रोकरकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. शेअर बाजारातून विकत न घेता दुसऱ्याच्या खात्यातून आले की मूळ खरेदी कधीची आणि कितीची, हे त्याच्या यंत्रणेला कळायला मार्गच नसतो. पण तो अहवाल आहे तसा रिटर्नमध्ये उतरवला असता, तर आईला नाहक मोठा कर भरावा लागला असता.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४९(१) इथे कामाला आलं. वारशाने, मृत्युपत्राने किंवा बक्षीस म्हणून शेअर मिळाले, तर आधीच्या मालकाची खरेदी किंमत तीच आपली खरेदी किंमत. मुदतही त्याच्या खरेदीपासूनच मोजायची. त्यामुळे नफा दीर्घ मुदतीचा ठरला. उरला प्रश्न बाबांच्या खरेदी किमतीचा.

बाबांनी जुन्या बजाज ऑटोचे कागदी शेअर नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत घेतले होते. कितीला घेतले, याची नोंद घरात कुठेच नव्हती. २००८ मध्ये त्या कंपनीचं विभाजन झालं. प्रत्येक शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला, आणि जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज म्हणून राहिली. आईने विकले ते फिनसर्व्हचे. म्हणजे बाबांची मूळ किंमत सापडली असती, तरी आधी ती या कंपन्यांमध्ये ठरावीक प्रमाणात वाटून घ्यावी लागली असती.

मी जुन्या वह्या धुंडाळत बसले होते, तेव्हा आमच्या सीए बाईंनी विचारलं, "किंमत राहू द्या. ३१ जानेवारी २०१८ ला हे शेअर बाबांकडे होते, असं दाखवणारा कागद आहे का?" सगळ्या कामाची दिशा या प्रश्नाने बदलली.

१ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर लागला. कलम ११२ए आलं ते तेव्हाच. पण आधीच्या नफ्यावर तो लागू नये म्हणून सवलत ठेवली. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरसाठी त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव, यांतला कमी आकडा घ्यायचा. तो आणि प्रत्यक्ष खरेदी किंमत, यांतला जास्त असेल तो खर्च म्हणून धरायचा. बाबांनी दशकांपूर्वी दिलेली किंमत २०१८ च्या भावापुढे इतकी कमी, की ती माहीत असती तरी हिशेबात फरक पडला नसता. म्हणून खरेदी किमतीच्या रकान्यात आम्ही सरळ शून्य लिहिलं. ज्यांच्या घरी असे जुने शेअर आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: हरवलेल्या किमतीमागे धावण्याआधी तारखेचा पुरावा हाती घ्या.

तो पुरावा बाबांच्या ईमेलमध्ये मिळाला. डिपॉझिटरीकडून (डीमॅटमधल्या शेअरची नोंद ठेवणारी संस्था) येणारं एकत्रित विवरण ज्या महिन्यात व्यवहार असेल त्या महिन्याचं येतं, नाहीतर सहा महिन्यांनी. जानेवारी २०१८ चं विवरण नव्हतं. पण सप्टेंबर २०१७ आणि मार्च २०१८ या दोन्ही अखेरींना शेअरची संख्या सारखीच होती, मधे एकही व्यवहार नव्हता. (या फाइलचा पासवर्ड म्हणजे खातेदाराचा पॅन, मोठ्या अक्षरांत.) शिवाय बाबांच्या बंद झालेल्या खात्याचं सुरुवातीपासूनचं व्यवहार-विवरण आम्ही लेखी अर्ज देऊन मागवलं. तोंडी मागितलं तर फक्त शेवटच्या वर्षाचं हातात पडलं होतं.

३१ जानेवारी २०१८ चा भाव शेअर बाजाराच्या त्या दिवसाच्या भावपत्रकात मिळतो. त्यात बंद भाव नव्हे, दिवसातला सर्वोच्च भाव बघायचा. पण तो तसाच फॉर्ममध्ये घालता आला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये फिनसर्व्हच्या एका शेअरचे पाच झाले (स्प्लिट) आणि त्यावर एकास एक बोनस, म्हणजे फुकटचा शेअर, मिळाला. सोयीसाठी गोल आकडे घेते. २०१८ चा भाव ५,००० आणि शेअर १०० होते असं समजा. स्प्लिटनंतर ५०० झाले, म्हणून प्रत्येकाचा २०१८ चा भाव १,०००. वर आलेले ५०० बोनस शेअर २०२२ मधले, म्हणजे सवलतीच्या तारखेनंतरचे. त्यांचा खर्च शून्य. १,८०० ला विकले तर पहिल्या ५०० पैकी प्रत्येकावर नफा ८००, बोनसच्या प्रत्येकावर पुरता १,८००. डीमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी विकला असं धरतात. बाबांच्या खात्यात शेअर ज्या क्रमाने आले तोच क्रम आम्ही घेतला, आणि आईने विकलेले सगळे शेअर पहिल्या गटातच बसले. २०१८ चा भाव दहाने भागून सर्व शेअरवर सारखा वाटलेला हिशेबही मी लोकांकडे पाहिला आहे. तसं करू नये.

दुसऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर बाबांनी २०२० मध्ये घेतले होते. तिथे २०१८ चा आधार नाही, खरी किंमतच हवी. जमा झाल्याची तारीख डीमॅटच्या विवरणात होती, तिच्या आगेमागे बँकेच्या पासबुकात ब्रोकरला गेलेली रक्कम दिसली, आणि त्या तारखेवरून ईमेलमध्ये कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली व्यवहाराची पावती) सापडली.

फॉर्म आयटीआर-२ चा. त्यातल्या ११२ए च्या तक्त्यात ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेला प्रत्येक कंपनीचा शेअर आयएसआयएन क्रमांकासह (शेअरचा ओळख क्रमांक) वेगळा लिहावा लागला. एआयएसमध्ये त्या नोंदींपुढे माहिती पूर्णपणे बरोबर नाही, असा अभिप्रायही नोंदवला. २३ जुलै २०२४ नंतरची विक्री असल्याने दर साडेबारा टक्के, आणि वर्षाचा सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन नव्या करप्रणालीतल्या करमुक्त उत्पन्नाच्या त्या वर्षीच्या (२०२४-२५) तीन लाखांच्या मर्यादेपेक्षा कमी होतं. मर्यादेतला तो न वापरलेला भाग, ती भारतात राहत असल्यामुळे, उरलेल्या नफ्यातून वजा झाला. ही तरतूद अनेकांच्या नजरेतून सुटते. विधवा आया, निवृत्त वडील यांची रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाने ती आवर्जून पाहावी.

रिटर्न आहे तसं मान्य झालं. बोनसचे शेअर अजून आईच्या खात्यात आहेत. त्यांचा खर्च शून्य असल्याने ते एकदम न विकता दरवर्षी सव्वा लाखाच्या आत नफा राहील इतकेच विकायचे, असं आम्ही ठरवलं आहे. दोन्ही विवरणं, भावपत्रक आणि मृत्युपत्राची प्रत एकाच फाइलमध्ये लावून ठेवली आहे, आणि ती फाइल कुठे आहे हे माझ्या भावालाही माहीत आहे.