दिसली

परवा एका लग्नात भर दुपारी साडेबाराला गुरुजींनी नवरा-नवरीला मांडवाबाहेर आणलं, उत्तरेकडे बोट केलं आणि विचारलं, "अरुंधती दिसली?" आभाळ उन्हानं पांढरंफटक. नवरी म्हणाली, "दिसली." नवऱ्यानंही मान हलवली. मला हसू आवरेना, तशी बायकोनं कोपर मारलं.

खरं तर हसायचा हक्क मला तरी नव्हता. आठच दिवसांपूर्वी, अवसेच्या रात्री, आम्ही चौघं वावरात आठ इंची डॉबसन दुर्बीण लावून मीन राशीतल्या एम ७४ या दीर्घिकेच्या, म्हणजे दूरच्या एका आकाशगंगेच्या, मागे लागलो होतो. मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीत आकाशातली ११० मंडळी आहेत, त्यातली ही सगळ्यात लाजरी. आधी अर्धा तास अंधारात बसून डोळे मुरू द्यायचे. टॉर्चला लाल कागद, मोबाईल खिशात, बिडीसुद्धा बंद. मग तिच्याकडे सरळ पाहायचंच नाही, जरा बाजूला पाहायचं. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मधोमध नसतात, कडेला असतात. तरी नाही दिसली तर नळीला हळूच टिचकी. एवढं करून तीनेक कोटी प्रकाशवर्षांवरून काय येतं? आरशावर कोणी श्वास सोडल्यासारखा डाग. तोही आला तर!

पहिला म्हणाला, "दिसली." मग उरलेल्या तिघांना न दिसून कसं चालेल? वहीत चौघांच्याही नावापुढे बरोबरची खूण आहे. माझ्या खुणेशेजारी मी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलंय, पण ताऱ्यांच्या हिशेबात त्याची प्रत पंधराच्या पलीकडची (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद).

हे तिरकं पाहणं मला बाबांनी शिकवलं. लहानपणी त्यांच्याबरोबर जागलीला जायचो. तुरीत डुक्कर शिरल्याची खसखस यायची, मी डोळे ताणायचो, आणि समोर नुसता काळोख. बाबा कानाशी म्हणायचे, "त्याच्याकडं नोको पाहू. धुऱ्याकडं पाह्य. हाललं का समजते बराबर." धुऱ्याकडे पाहिलं की तुरीत खरंच काळं काहीतरी सरकायचं. मग डबा बडवायचा.

अवसेच्या रात्री बाबाही आले होते. त्यांना म्हटलं, बघा. बराच वेळ ते वाकून राहिले. आम्ही श्वास धरून.

"हाये काहीतरी," ते म्हणाले. "पन वावरात नाही शिरत ते."

आणि टॉर्च लावून तुरीकडे निघून गेले. टॉर्चला लाल कागद नव्हता. आमचा पुन्हा अर्धा तास गेला.