मनोरीच्या खाडीत जिताड्यामागे: कुणाचा हात कशावर बसतो

मुंबईतल्या मनोरीच्या खाडीत जिताडा मासा धरायला जायचं असेल तर आधी पंचांग उघडा, गळांची पेटी नंतर. आम्ही कार्तिक वद्य अष्टमी धरली होती. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब मुंबईतही चालतो. आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं आणि दुपारी बारापर्यंत ओहोटी. शिवाय अष्टमी म्हणजे भांगाचे, कमी भरती-ओहोटीचे दिवस. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मुंबईत पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं, खाडी गढूळ होते आणि ओढ इतकी असते की हलकी जिग, म्हणजे शिशाचं वजन असलेला गळ, तळाला टेकतच नाही. भांगात ही चढउतार निम्म्याच्या आसपास येते, पाणी जरा निवळतं. लुअर, म्हणजे खोटं आमिष, टाकणाऱ्यांनी भांगच धरावा. जिवंत कोळंबी लावणाऱ्याला थोडा गढूळपणा चालून जातो.

होडीत नाखवा, मी, माझा आतेभाऊ आणि आमच्या इमारतीतले निवृत्त काका. ही मंडळी मी मुद्दाम जमवली होती. तिघांचे हात तीन तऱ्हेचे आहेत, आणि एकाच ओहोटीत कुणाचं कुठे चालतं, कुठे अडतं, ते मला शेजारी बसून बघायचं होतं.

आपल्याकडे लुअर शिकणारे बरेच जण अमेरिकेतल्या लार्जमाउथ बासचे व्हिडिओ बघून शिकतात. तो गोड्या पाण्यातला मासा, जिताड्यापेक्षा वेगळ्या कुळातला. दबा धरून बसायची खोड मात्र दोघांची सारखी, म्हणून ती तंत्रं इथेही लागू पडतात. फरक पाण्याचा आहे. तळ्यावरचा बासवाला एका आवडत्या तंत्रावर अख्खी सकाळ काढू शकतो. खाडीत दर तासाला पाणी वेगळं असतं. ज्याला एकच गोष्ट जमते त्याला सहा तासांतला फार तर एखादा तास मिळतो.

पहिला तास तिवरांचा. भरती पूर्ण असताना बोयटं आणि कोळंबी तिवरांच्या मुळांत शिरतात, जिताडा त्यांच्यामागे. इथे लुअर दहा-बारा मीटरच टाकायचं असतं, पण लोंबत्या फांदीखालून, पाण्यालगत, आडव्या हाताने. आतेभाऊ वांद्र्याच्या खडकांवर तयार झालेला. लोखंडी स्पून, म्हणजे चमच्यासारखं लुअर, वाऱ्याविरुद्ध लांब फेकण्यात त्याला तोड नाही. तोच लांब हात इथे त्याला नडला. दोन चांगली मिनो लुअर फांद्यांत गेली. नाखव्याने ते ओळखलं आणि होडी काठापासून बाहेर घेऊन काठाला समांतर लावली. आता आतेभावाला तिवरांच्या कडेकडेने लांबच लांब फेक करता आली, त्याचं लुअर सगळा वेळ माशाच्या टप्प्यात राहिलं आणि सकाळचा पहिला जिताडा त्यालाच लागला. हात बदलायला वर्ष लागतं, होडीची जागा बदलायला दोन मिनिटं. होडी भाड्याने घेणाऱ्यांनी आदल्या दिवशीच नाखव्याला सांगून ठेवावं की आपल्यातला कोण कसा टाकतो.

ओहोटीचा तिसरा-चौथा तास सर्वांत ओढीचा. तिवरांतून निघणाऱ्या ओहळांच्या तोंडाशी तेव्हा उतरत्या पाण्याबरोबर लहान मासळी बाहेर येते आणि जिताडा तिथे तोंड पाण्याच्या धारेकडे करून थांबतो. हा तास माझा. जिगहेडला, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाला, रबरी मासा लावून ओहळात टाकायचा, धारेबरोबर वाहू द्यायचा, तळाला टेकला की हलकेच उचलायचा. झटका बहुधा तो खाली पडत असतानाच येतो. बऱ्याचदा झटकाही नसतो, ताणलेली लाइन नुसती सैल पडते. ती सैल पडणं मला बोटांना कळतं. हे डोळ्यांनी शिकायचं काम नाही, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी पातळ ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, वापरावी आणि एक बोट सतत लाइनवर ठेवावं. इथे १० ते १५ ग्रॅमचा जिगहेड पुरला. उधाणाला तो पुरणार नाही.

पाण्याच्या वरच्या लुअरवर, म्हणजे पॉपरवर, मात्र माझा हात कच्चा आहे. जिताडा भक्ष्य चावत नाही, मोठा जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो, आणि त्याचा भप्पकन आवाज होतो. त्या आवाजाला माझा हात वर जातो आणि लुअर त्याच्या तोंडातून सुटतं. यावर मला मानवलेला उपाय सांगते. रॉडचं टोक पाण्याकडे खाली ठेवायचं आणि आवाज आला तरी रील त्याच चालीने फिरवत राहायचं. वजन हाताला लागलं की मगच उचलायचं. त्या सकाळी मी आतेभावाशेजारी पॉपर घेऊन बसले ते यासाठीच. आपलं दुबळं तंत्र मासे लागत असतानाच सरावाला घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. पाणी मेलेलं असताना पॉपर टाकत बसलं तर आवाज ऐकूनही हात आवरण्याचा सराव होणार तरी कसा? बहुतेक जण उलट करतात. चांगल्या तासाला सवयीचं तंत्र, रिकाम्या तासाला नवं. मग नवं तंत्र खोटं ठरवून नवं लुअर विकत घेतात.

शेवटचा तास काकांचा. पाणी उतरलं की मासा खाडीच्या खोल खड्ड्यांत सरकतो. काकांकडे रॉड नाही, हातदोरी आहे, तळाला शिसं आणि गळाला जिवंत कोळंबी. दोरीवरून ते सांगतात की खाली शिंगाळा मासा आहे की जिताडा. शिंगाळा टुकटुक करत राहतो, जिताड्याचा एकच जाड ठोका असतो. त्यांचं दुबळेपण म्हणजे त्यांना जागा सोडवत नाही. नाखवा दोनदा म्हणाला, “काका, पानी थांबलं, पुढच्या खड्ड्याला जाऊ.” तिसऱ्यांदा उठले आणि पुढच्याच खड्ड्यात सकाळचा सर्वांत मोठा जिताडा त्यांच्या दोरीला आला. त्यांना सर्कल हुक, म्हणजे आत वळलेल्या टोकाचा गळ, देऊन बघावा असं आतेभावाचं म्हणणं होतं. मला पटत नाही. सर्कल हुकला झटका द्यायचा नसतो, दोरी फक्त ताणत जायची, आणि काकांचा झटका जन्माचा आहे. त्यांनी साधाच गळ ठेवावा, फक्त ठोका आल्यावर वाट बघू नये, म्हणजे गळ घशात जात नाही.

तो मोठा मासा आम्ही सोडला. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे मासे बहुतेक माद्याच, आणि त्याच खाडीच्या तोंडाशी अंडी घालतात. हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, पाण्यातच गळ काढा. जबड्याला धरून उभा लटकवू नका. गलफड्याची कड पात्यासारखी धारदार असते. बोटं सांभाळा, आणि लाइनपुढे ४० पौंडांचा लीडर, म्हणजे गळाआधीचा जाड लाइनचा तुकडा, लावाच. शिंगाळ्याचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, वेदना उतरते. त्यानंतर डॉक्टर.

जायचं कसं: मालाड पश्चिमेहून बेस्टची बस किंवा रिक्षा मार्वेपर्यंत, पलीकडे मनोरीला फेरीबोट. मार्वेला नौदलाचा आयएनएस हमला हा तळ आहे, त्या बाजूला कॅमेरा काढू नका, ड्रोन तर नकोच. कोळ्यांच्या जाळ्यांचे खुंट दिसले की लांबूनच वळा, तिथे लुअर अडकलं तर त्यांचं जाळं फाटतं. लुअर सोडवायला तिवराची फांदी तोडू नका, लाइन कापा आणि तुकडा खिशात घ्या. लाइफ जॅकेट, टोपी आणि भरपूर पाणी हवंच, अकरानंतर होडीत सावली नसते. ज्यांना होडी नको त्यांनी भरतीच्या आधीचे दोन तास धक्क्याच्या कडेला जिग घेऊन उभं राहावं. तिथे फेरीबोटीची वाट मोकळी ठेवावी लागते, म्हणून आडवी फेक ज्यांना जमते त्यांनीच जावं.