चावी फिरवल्यावर

गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, कुरकुरायला लागला की त्याची पहिली वर्दी बहुधा फेरीबोटीवर मिळते. रायबंदरहून चोडणला जाताना गाडी बोटीवर चढवायची, इंजिन बंद करायचं, मांडवीचा वारा खायचा आणि पलीकडचा धक्का आला की सगळ्यांनी एकदम चावी फिरवायची. त्या क्षणी आपल्या गाडीतून नुसतं ‘टक्’ आलं, की मागून हॉर्न आणि शेजारून खलाशाचं ‘पात्रांव, आनीक एक फावट मार’ बरोबरच सुरू होतं. पुन्हा मारल्यावर गाडी लागते, आपण रॅम्प चढतो आणि विसरून जातो. सेल्फ एकदम मरत नाही, हप्त्याहप्त्याने मरतो.

मग एखाद्या सकाळी तो लागतच नाही. वाड्यावर बॉनेट उघडलेली गाडी दिसली की माणसं जमतात, आणि जमलेल्यांचं एका गोष्टीवर लगेच एकमत होतं: बॅटरी गेली. मला वाटतं, बॅटरी वरच दिसते हाच तिचा गुन्हा. सेल्फ खाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे, तेलामातीत काळा होऊन बसलेला. गाडी विकून टाकेपर्यंत कित्येक मालकांना त्याचं दर्शन घडत नाही. न दिसणाऱ्यावर संशय कोण घेणार?

खरं तर गाडी स्वतःच सांगत असते. हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे एकदम मलूल झाले आणि नुसती टकटक ऐकू आली, तर जमलेली मंडळी बहुतेक बरोबर आहेत. तरी नवी बॅटरी आणायला पळण्याआधी टर्मिनल पाहावेत. आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरते, आणि बॉडीला जाणारी अर्थची पट्टी तर आतून कुजते. मीटर असेल तर भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्याही खाली गेला तर दोष तिचाच. पण दिवे लख्ख आणि आवाज एकच, ठणठणीत ‘टक्’, असं असेल तर खाली वाकायची वेळ झाली. ‘टक्’सुद्धा नाही, तर चावीचा स्विच, रिले किंवा एखादी सुटलेली वायर. आणि मोटर मोकळीच घर्रर्र फिरते, इंजिन ढिम्म, तर बेंडेक्स, म्हणजे मोटरची फिरकी इंजिनला पोचवणारं छोटं दातेरी चाक.

तो ‘टक्’ म्हणजे सोलेनॉइडचा. त्याची कामं दोन: ते दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत अडकवायचं आणि त्याच झटक्यात मोटरला करंट जोडून द्यायचा. छोट्या गाडीतही शंभराच्या वर अँपिअर तिथून धावतात. सोलेनॉइडने ढकललं, पण आतले कॉन्टॅक्ट जळलेले असले किंवा मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन झिजलेले असले, तर पुढे काही घडत नाही. अशा वेळी मेस्त्री पान्याने सेल्फच्या अंगावर दोन टोले देतो आणि गाडी चालू होते. बघणारे हसतात, पण त्यात जादू नाही. अडकलेला कार्बन क्षणभर जागेवर बसतो. घरी नाही, तर गॅरेजपर्यंत पोचवणारे टोले आहेत ते. नाहीतर आहेच दुसऱ्या गिअरमध्ये धक्का. ऑटोमॅटिकवाल्यांच्या नशिबी तोही नाही.

1912 साली चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी पुढून हँडल मारावं लागे, आणि इंजिनने उलटा झटका दिला की मनगट मोडे. आपल्याकडच्या जुन्या अँबेसिडरबरोबर ते हँडल पुढेही कित्येक वर्षं मिळत होतं, आणि ते मारता येणाऱ्या माणसाला वाड्यात मान असे.

शोधण्याच्या मानाने बदलणं सोपं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, कारण सेल्फच्या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी. मग ती केबल, सोलेनॉइडची बारीक वायर, आणि दोन-तीन बोल्ट. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढला की वरूनच हात पोचतो, काहींत खड्ड्यात उतरून मान वाकडी करावी लागते. शेवटचा बोल्ट सुटताना एक हात खाली हवाच. वस्तू लहान दिसते, पण आत सगळं तांबं नि लोखंड.

नवा घ्यावा की जुनाच भरून घ्यावा, यावर फोंड्याच्या माझ्या मेस्त्र्याचं मत पक्कं आहे. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, जळलं नसेल तर कार्बन, बुश आणि कॉन्टॅक्ट बदलायचे; नव्याच्या पैशांत नंतर टायर घ्या, असं तो म्हणतो. माझ्या सेल्फचं आर्मेचर मात्र काळं पडलं होतं. तेव्हा नवा बसवला, आणि जुन्याचं बेंडेक्स चांगलं म्हणून त्याने ते काढून रॉकेलने धुऊन बाजूला ठेवलं. डिचोलीची एक गाडी त्याच्यासाठी खोळंबली होती म्हणे. मजुरीतून तेवढे पैसे त्याने न मागता कमी केले.